पाइपातला गवई

मी बँकॉकमधल्या एका सिमेंटच्या पाइपातून बोलतोय. नाक मुरडू नका. अंगाने वाटोळा, पाठीवर दोन पिवळे पट्टे, असा मी बेडूक. इथले लोक मला माझ्या आवाजावरूनच उंग-आंग म्हणतात. असं नाव पडायला आवाजही तसाच लागतो!

माझा जन्म एका गल्लीत, गटाराच्या फुटक्या झाकणावर साचलेल्या पाण्यात झाला. ते पाणी दोन-तीन आठवड्यांत आटणार होतं. त्याआधीच मला पाय फुटले. मोटरसायकल गेली की मागे जी जराशी शांतता उरते, तेवढ्यात गायचं, हे मला गल्लीने शिकवलं. दुकानाच्या दिव्याखाली पंखवाल्या मुंग्या पडतात, तिथे जेवायचं. आणि पाइपात बसून गायलं, तर माझ्यासारख्या बेताच्या बेडकाचा आवाजही म्हशीएवढा होतो. शेतातल्या माझ्या भाऊबंदांना हे कुठलं जमायला?

गटारावरच लमाय मावशींची नूडल्सची गाडी होती. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनआधी एका जिवाला मोकळं करून पुण्य जोडायचं, असं त्यांनी ठरवलं. नेमका तेव्हाच मी गटाराच्या पाइपात बसून गात होतो.

"अडकलंय बिचारं! कसं रडतंय बघ."

"रडत नाहीये तो, मावशी," भाड्याची मोटरसायकल चालवणारा देचा हसला. "बायकोला बोलावतोय."

"तू गप रे! तुला तरी कुठे मिळालीय?"

मावशींनी मला वाडग्यात घातलं, विहाराच्या तळ्याकाठी मंत्र म्हटले आणि पाण्यात सोडलं. त्यांचा चेहरा समाधानाने फुलला होता.

तळं सुंदर होतं, पण तिथे माझा आवाज विरून जायचा. आठवडाभर घसा फोडून गायलो. एकही मादी फिरकली नाही. एवढा अपमान माझा कधी झाला नव्हता. शेवटी कुंपणाखाली पावसाचं पाणी वाहून नेणारा हा पाइप सापडला. आत शिरलो आणि छाती फुगवली. पहिल्याच संध्याकाळी एक जाडजूड, देखणी मादी पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबली.

तेवढ्यात सपाता वाजल्या. ऑपरेशन झालेल्या लमाय मावशी काळा चष्मा लावून फुलं वाहायला आल्या होत्या, देचाच्या मोटरसायकलवरून.

"अगं बाई, इथेही एक अडकलाय! देचा, वाडगं आण!"

मी गप्प झालो. गप्पच राहिलो असतो, तर वाडगं टळलं असतं. पण मादी परत वळू लागली. मग मला राहवेना. कधी नव्हे इतक्या जोरात मी गायलो.

मावशी वाकल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पाइपात नीट पाहिलं. तोवर मादी आत, माझ्या शेजारी आली होती.

"अय्या, दोघं आहेत की!" त्या हळूच म्हणाल्या. वाडगं घेऊन धावत आलेल्या देचाला त्यांनी हातानेच थोपवलं. "पाय वाजवू नकोस, मेल्या!"

आता पाइपाच्या तोंडाशी साचलेल्या पाण्यात माझी शेकडो पिल्लं वळवळतायत. पाणी आटत चाललंय, पण पोरं माझी आहेत. त्यांना वेळेत पाय फुटतील. तुमच्या गटारातून असा आवाज आला, तर कृपा करून आमची सुटका करू नका. घटकाभर थांबून ऐका, आणि आवडलं तर दाद द्या.