उचलायचा नाही

माझी थोरली बहीण मला रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक रिंग देते. एकच. मी फोन उचलत नाही. उचलायचाच नसतो, तोच तर आमचा करार आहे. एक रिंग म्हणजे ‘उठले, चहा झाला, गुडघा आहे तसाच आहे, उगाच चौकशीला येऊ नकोस.’ दोन रिंगा म्हणजे ‘ये.’ नऊ वर्षांत दोन रिंगा एकदाच आल्या, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात पाल निघाली होती.

ही पद्धत पैसे वाचवायला सुरू झाली. आता बोलणं जवळजवळ फुकट झालंय, तरी आम्ही ती सोडली नाही, कारण बोलायला लागलो की पाच मिनिटांत आमचं वाजतं. अक्का चौऱ्याहत्तरची आहे, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, तिला अधूनमधून चक्कर येते, आणि ‘माझ्याकडे येऊन राहा’ म्हटलं की फणकारते, “मी काय मोडीत निघालेय?” कुणी आपली काळजी घेतंय हे तिला खपत नाही. रिंग मात्र ती न चुकता देते. मला वाटतं, काळजी करून घ्यायची तिची तेवढीच पद्धत आहे.

म्हणून लेकीनं आणि जावयानं आमच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला जहाजाच्या सफरीची तिकिटं हातात ठेवली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “आणि अक्काची रिंग कोण घेणार?”

“आई, सात दिवसांचा प्रश्न आहे,” लेक म्हणाली. “फोन ने की बरोबर.”

आणि लगेच तिनंच फोनची भीती घालायला सुरुवात केली. भर समुद्रात आपलं नेटवर्क नसतं, जहाजाचा स्वतःचा टॉवर असतो, तो वर उपग्रहाशी बोलतो आणि खाली आपला खिसा कापतो. फोन नुसता चालू राहिला तरी आपणहून त्या टॉवरला जाऊन चिकटतो आणि रोमिंगचं मीटर पडतं. तिच्या ऑफिसातल्या एकाला म्हणे असं बिल आलं की तो पुन्हा सफरीचं नाव काढत नाही. तेव्हा जहाजावर पाय ठेवला की फ्लाइट मोड.

“जहाजात बसायचं आणि विमान चालू करायचं?” आमचे हे म्हणाले. त्यांनी तोवर टोपीसुद्धा विकत आणली होती.

“फ्लाइट मोडमध्ये रिंग येते का?” मी विचारलं.

“नाही.”

“मग तो फोन बरोबर नेऊन मी काय त्याची आरती करू?”

त्या दिवशी मी शिलाईला बसले पण डोकं ठिकाणावर नव्हतं, एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. उसवता उसवता मात्र सुचलं. रिंग माणसाला येत नाही, रिंग सिमला येते. मी समुद्रावर गेले तरी सिमनं कशाला यायला हवं?

सिमचा कप्पा उघडायची पिन कुठं मिळेना, तेव्हा सुईच्या बोथट टोकानं ते काढलं. बटणांच्या डब्यात माझा जुना, आकड्यांचा फोन पडून होता. त्यात हे सिम घालायचं आणि कुणाकडे तरी ठेवून जायचं. सिम असं मागे ठेवून निघालेली बाई जगात मीच, असं लेक म्हणाली आणि पोट धरून हसली. रोमिंगपायी डोकं फिरलंय माझं, हेही म्हणाली. हसू दे.

अडचण एकच होती. ठेवायचा कुणाकडे? लेक परगावी राहते. समोरची नऊला उठते. वरची उठते पण तिच्या पोटात काही राहत नाही. सकाळी सातला जागा, शुद्धीवर आणि गप्प असा माणूस इमारतीत एकच होता, आणि त्याच्याशी माझं अकरा वर्षं पटत नव्हतं.

चावीवाले बरोबर माझ्या शिलाईच्या खोलीखाली बसतात. दुकान पुढे, राहणं मागे. त्यांचं चाव्या कापायचं यंत्र किंचाळलं की माझी टीप वाकडी जाते. मी घरमालकाकडे दोनदा तक्रार केली आहे. त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, त्याचाही मला रागच यायचा.

गेले. मान खाली घालून सगळं सांगितलं. अक्का, सात दहा, एक रिंग.

“आणि आली नाही तर?” त्यांनी विचारलं.

“साडेसातपर्यंत थांबायचं आणि तिच्याकडे जाऊन बघायचं. आणि एक लक्षात ठेवा, या फोनवर काहीही आलं तरी उचलायचा नाही. फक्त मोजायचं आणि तुमच्या फोनवरून मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं.”

सिम लहान, जुन्या फोनची खाच मोठी, ते बसेना. चावीवाल्यांनी कुठल्याशा जुन्या कार्डाची चौकट कापली, कानशीनं कडा घासल्या, आणि सिम त्यात असं बसवलं की जणू तिथंच जन्मलं होतं. मी तोंडभर आभार मानायला हवे होते. मी म्हणाले, “यंत्र जरा दहानंतर चालवत जा.”

जहाज म्हणजे एक तरंगती इमारत होती. ह्यांना सगळंच आवडलं. मला आवडलं असतं, पण सात दहा झाले की माझा हात आपोआप फोनकडे जाई, आणि फोन बिनसिमचा, नुसती आरशासारखी काच. जहाजावर पैसे भरून वायफाय मिळत होतं. त्याचा दर वाचून मी पाटी दोनदा वाचली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

लेकीनं एक युक्ती मात्र चांगली सांगितली होती. ‘बंदराला लागलात की जहाजावरचे कामगार कुठे घोळक्यानं बसलेत ते बघ. फुकट वायफाय तिथंच असतं.’ दुसऱ्या दिवशी पहिल्या बंदरात तसंच झालं. प्रतीक्षागृहाच्या भिंतीला टेकून सगळे फरशीवर बसलेले, प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनमध्ये कुणाचं तरी घर. आमची खोली आवरणारी बाईही होती. तिनं सरकून मला जागा दिली.

फोन जोडला गेला आणि चावीवाल्यांचे निरोप उतरले. “आली. चुकून उचलला. सवय. अक्का फार रागावल्या. पुन्हा उचलणार नाही.” आणि त्या दिवसाचा, “आली.”

मी इतकी हसले की खोली आवरणारी बाईही हसायला लागली, कशाला ते न कळता. अक्का काय म्हणाली असेल ते मला इथं ऐकू येत होतं. ‘उचललास कशाला? पैसे पडले ना!’

तिसरा दिवस नुसता समुद्राचा. चौथ्या दिवशी साडेदहाला दुसरं बंदर. पुन्हा तीच भिंत, तीच बाई शेजारी, ती आपल्या मुलीशी बोलत होती. माझा फोन जोडला गेला.

“आली.” तो कालचा. त्याखाली आजचा, सात बत्तीसचा. “आली नाही. जातोय.”

त्याखाली काही नाही.

मी चावीवाल्यांना वायफायवरून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. लेकीला लावला, तीही उचलेना. तीन तास झाले होते आणि माणूस उत्तर देत नव्हता. हे म्हणाले, “घाईत फोन दुकानातच राहिला असेल.” मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा राहिला असेल, पण माझा जुना फोन ते घेऊन गेले असतील. मला माझ्याच नंबरवर फोन करायला हवा होता! आणि तो फोन साधा, त्यावर वायफायचं काही चालत नाही. साध्या फोनला साधा फोनच लागतो, आणि माझं सिम तर मी मोठ्या हुशारीनं त्यात घालून ठेवलेलं. ह्यांनी रोमिंगच्या धाकानं फोन आणलाच नव्हता.

“चला, जहाजावरून लावू,” मी ह्यांना म्हणाले. “जे मागतील ते देऊ. जाईना का सगळं बिलात.”

खोली आवरणाऱ्या बाईनं माझा हात धरला. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिनं माझा चेहरा वाचला, आपल्या लेकीला दोन शब्द सांगितले, तो कॉल बंद केला आणि त्या बंदराचं सिम घातलेला आपला फोन माझ्या हातात दिला. आठवड्यातून दोनदा तिला ती लेक दिसायची, आणि त्यातला वेळ तिनं मला दिला. मी पर्स उघडली तर तिनं ती पुन्हा मिटवली.

माझा नंबर माझ्या शिलाईच्या पाटीवर वीस वर्षं आहे, तरी बोटं चुकली. तिसऱ्यांदा बरोबर लागला. रिंग जाऊ लागली. एक, दोन, पाच, आठ. बंद पडली.

आणि मला आठवलं. मीच बजावलं होतं. काहीही आलं तरी उचलायचा नाही.

पुन्हा लावला. “उचला हो, उचला!” मी भर प्रतीक्षागृहात ओरडत होते. सगळे कामगार माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षांत त्या माणसानं माझं एक म्हणणं ऐकलं नव्हतं, आणि आज नेमकं ऐकत होता.

सातव्या रिंगला खरखर झाली. पलीकडून कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, “कोण आहे? सारखं सारखं काय?”

अक्का होती.

मला नुसता हुंदका फुटला.

“अगं, तू?” अक्का दचकली. “तिकडून करतेयस? मेले, रोमिंग पडेल ना! ठेव आधी!”

ठेवला नाही. मग तिनंच सांगितलं, भराभर, मीटर पळतंय अशा घाईनं. पहाटे न्हाणीघरात पाय सरकला. उजवं मनगट मोडलं, कंबरेत कळ, उठता येईना. फोन बाहेर, दाराला आतून कडी. दोन तास ओल्या फरशीवर पडून होती, हाका मारून घसा बसला. “वाटलं, संपलं आता,” ती म्हणाली. अक्का कधी असं बोलत नाही.

“मग दार वाजलं. मग कडी तुटली. तुझा तो चावीवाला. कुलूप कधी तोडत नाही म्हणतो, उघडतो फक्त. माझ्याकडे मात्र तोडून आला. आणि न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून, तोंड तिकडे फिरवून विचारतो कसा, ‘अक्का, उचलू का?’” ती हसायला गेली आणि कण्हली. “मी म्हटलं, आता विचारतोस काय मेल्या? उचल!”

तिला प्लास्टर घातलं होतं, चावीवाले सकाळपासून दवाखान्यात शेजारी स्टुलावर बसून होते. फोन दोनदा वाजला तेव्हा तेच म्हणाले, ‘बाईंनी उचलू नका म्हटलंय.’ शेवटी अक्कानंच डाव्या हातानं हिसकावून घेतला.

“त्यांना दे,” मी म्हणाले.

“हॅलो,” चावीवाले म्हणाले. “कडीचे पैसे देऊ नका म्हणतो मी, नवी बसवून देईन.”

मला त्यांना अकरा वर्षांचं सगळं सांगायचं होतं. “तुमचे फार उपकार झाले,” एवढंच आलं, आणि ते मी चार वेळा म्हणाले.

खोली आवरणाऱ्या बाईला मी मिठी मारली. जहाज सुटेपर्यंत मी आमच्या खोलीतल्या चादरीची स्वतः घडी घातली होती. ती हसून पुन्हा उलगडून नीट घालून गेली.

घरी पोचल्यावर आधी खाली गेले. चावीवाल्यांनी माझं सिम चाव्या ठेवायच्या इवल्याशा पाकिटात घालून दिलं, वर पेनानं माझा नंबर लिहून. मी म्हणाले, “यंत्र हवं तेव्हा चालवा.” ते म्हणाले, “दहानंतरच चालवतो हल्ली.” मग म्हणाले, “एक सांगू? दोन दिवस अक्का दवाखान्यात, रिंग नाही. सकाळ सुनी गेली.”

मी हे अक्काला सांगितलं. ती प्लास्टरखाली खाज सुटल्याचं नाटक करत बसली.

दुसऱ्या दिवशी सात दहाला रिंग आली. एक. मी उचलला नाही. चहाचा कप घेऊन शिलाईच्या खोलीत गेले, खिडकी उघडली, आणि तेवढ्यात खालून, दुकानाच्या मागच्या खोलीतून, एक रिंग ऐकू आली. एकच.

त्यांनीही उचलला नाही.