वस्तादांची डावी बाजू

मेंदूला झटका येऊन गेल्यानंतर वस्तादांनी तीन महिन्यांनी पुन्हा कात्री धरली, ती मेहुण्याच्या डोक्यावर. एकतीस वर्षं केस कापणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली वस्ताद म्हणायची. डाव्या हातात आता कंगवा धरण्याइतका जोर आला होता. मेहुणा आपण होऊन खुर्चीत बसला. "दाजी, बिनधास्त चालवा. या थोबाडाचं आणखी काय वाकडं होणार?"

वीस मिनिटांनी वस्तादांनी कापड झटकलं. "झालं."

मेहुण्याने आरशात पाहिलं. उजवी बाजू रेखीव कापलेली, डावीकडे मात्र कानावर झिपऱ्या तशाच. "दाजी, उरलेलं उद्या करणार का?"

"चेष्टा पुरे!" वस्ताद तडकले. त्यांच्या लेखी काम चोख झालं होतं.

दारात उभी असलेली वस्तादांची बायको पुढे आली. तिने त्यांचा हात धरून मेहुण्याच्या डाव्या कानावर ठेवला. बोटांना लांब केस लागले. वस्तादांनी ते पुन्हा पुन्हा चाचपले. गेले काही दिवस ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवून "मला कमी का वाढतेस?" म्हणून ते तिच्यावरच खेकसायचे. ती ताट फिरवायची, की उरलेलं त्यांना दिसायचं. अशक्तपणा असेल म्हणून दोघांनी ते अंगावर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. थेरपिस्ट बाईंनी पानभर रेघा असलेला कागद पुढे ठेवला. प्रत्येक रेघेवर फुली मारायची. वस्तादांनी उजव्या अर्ध्या पानावर फुल्या मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली.

"डोळे ठणठणीत आहेत तुमचे," बाई म्हणाल्या. "पण लक्ष कुठे द्यायचं ते मेंदू ठरवतो. मेंदूत मागे आणि पुढे पेशींची जाळी असतात. ती सतत एकमेकांना निरोप देतात, की इकडे बघ, ते सोड. मेंदूच्या उजव्या भागातलं जाळं दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतं. डाव्या भागातलं मुख्यतः उजवीकडेच बघतं. झटक्याने तुमचं उजवीकडचं जाळं दुखावलंय. म्हणून डावीकडे बघायचा निरोपच येत नाही."

"मग काहीतरी सुटतंय हे तरी मला कळायला नको?"

"तेच तर अवघड आहे. काही सुटलंय असं जाणवतच नाही."

"बरं होईल?"

"थोडं आपोआप होईल. बाकीचं हट्टाने शिकावं लागेल."

हट्टाला वस्तादांकडे तोटा नव्हता. वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला बायकोने लाल पट्टी चिकटवली. ती दिसल्याशिवाय ओळ वाचायची नाही. डाव्या हाताची बोटं हलवत राहायची, म्हणजे लक्ष तिकडे ओढलं जातं. बायको मुद्दाम डावीकडे बसायची आणि उत्तर मिळेपर्यंत हाका मारायची. चौकटींवर आपटून वस्तादांचा डावा खांदा काळानिळा पडला. मेहुणा टोपी घालून हिंडत होता, पण तक्रारीचा शब्द नाही.

दीड महिन्याने ते प्लास्टिकच्या डोक्यावर सराव करत होते. केस कापून झाले, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात कंगवा टेबलापलीकडे पडला. तो उचलायला ते वळसा घालून समोर गेले आणि मान वर केली, तर न कापलेली अख्खी बाजू उजवीकडे लख्ख दिसत होती!

"अगं, ऐकलंस का!" ते ओरडले. "सुटते ती बाजू डोक्याची नाहीच, माझी आहे! मी फिरलो की ती पण फिरते!"

त्याच दिवशी मेहुण्याला बोलावून त्यांनी दुकानातली खुर्ची भिंतीपासून ओढून मधोमध आणली. खुर्चीभोवती चार जागा ठरवल्या. प्रत्येक जागी थांबायचं, मान डावीकडे वळवायची, बोटांनी चाचपायचं, मगच पुढे जायचं. पहिलं डोकं अर्थातच मेहुण्याचं. या वेळी त्याने टोपी खिशात घातली.

आठवड्याने समोरचा घड्याळजी आला. वस्तादांनी आधीच स्पष्ट सांगितलं, "माझं डावीकडचं लक्ष सुटतं. तासभर लागेल. घाई असेल तर दुसरीकडे जा."

"दुकानात बसून तरी मी काय दिवे लावणार आहे?" घड्याळजी बसला.

वस्तादांनी दोन फेऱ्या घातल्या. कपाळावर घाम आला. शेवटी बायकोने मानेकडे निरखून पाहिलं आणि तोंड उघडलं.

"थांब, सांगू नकोस," ते म्हणाले. तिसरी फेरी घालून त्यांनी कानामागे राहिलेला नखाएवढा झुपका स्वतः शोधला आणि उडवला.

आता ते दिवसाला पाच डोकी करतात, सहावं घेत नाहीत. दमले की लक्ष सुटतं, हे त्यांना कळून चुकलंय. वस्तऱ्याला बाईंनी अजून परवानगी दिलेली नाही. दाढीच्या गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवताना त्यांना जड जातं.

"पुढच्या तपासणीला परत विचारणार आहे," ते परवा बायकोला म्हणाले.

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर त्याच्या पुढच्या तपासणीला."