साठ ग्राम धूळ

चौतीस वर्षं बाजार समितीत मापारी होतो मी. काट्यावर काय चढलं अन् काय उतरलं, याच्यात या वामनरावले कोणी फसवलं नाही. म्हून तं हे सांगाले लाज वाटते, का स्वतःच्याच घरात मी पंधरा दिवस बिनअकलीचं माप करत बसलो. पण सांगतो. मापातच सांगीन, जास्त नाही अन् कमी नाही.

गोष्ट माझ्या नातीची, उर्वशीची. सात वर्षांची पोट्टी. पोरगा नयन अन् सून प्रेरणा नागपूरले राहतात. प्रेरणा एका दवाखान्यात लॅबमध्ये काम करते. आमचं घर पांढरकवड्याच्या अलीकडे, हैदराबाद रोडले लागून. गेल्या उन्हाळ्यात उर्वशी आलती. दोन दिवस घरभर नाचली, बकरीच्या पिल्लामागं धावली, कापसाच्या खोलीत ढिगावर उड्या मारल्या. मीच उचलून उचलून टाकत होतो तिले कापसावर, कारण त्याच्यापेक्षा मऊ गादी कुठं भेटते? तिसऱ्या दिवशी दुपारी तिची छाती वाजाले लागली. श्वास आत जाये तं बाहेर येईना. ओठ निळे पडले. ऑटोनं पांढरकवड्याले नेलं, तिथं वाफ दिली, तवा पोट्टी जरा बोलली. संध्याकाळी नयन गाडी घेऊन आला अन् घेऊन गेला.

दमा निघाला. धूळ चालत नाही म्हणे. मग पोट्टी पोळ्याले आली नाही, दिवाळीले आली नाही. घरात आम्ही दोघंच, मी अन् हंसाबाई, म्हणजे आमची घरवाली. फराळाचा डबा भरून एसटीनं नागपूरले पाठवला, अन् कधी नाही ते हंसाबाई माझ्यासमोर रडली.

यंदा एप्रिल लागल्यावर प्रेरणाचा फोन आला. राग मानू नका म्हणे, पण घरातली धूळ कमी झाली तं एक मेले पोरीले आणते, नाही तं तुम्ही दोघं इकडं या. मागून उर्वशीनं फोन ओढला अन् विचारलं, "आबाजी, मी येऊ ना?"

मी म्हणलं, ये माय, मी धूळच ठेवत नाही घरात.

धूळ कुठून येते हे मले पक्कं ठाऊक होतं. रोडवरून दिवसभर ट्रक जातात. खिडकीच्या गजावर बोट फिरवलं का बोट काळं. झाडूनं झाडलं तं तीच धूळ उडते अन् पुन्हा बसते. म्हून मी ठरवलं, का ओढून घेणारी मशीन घ्याची, व्हॅक्यूम क्लीनर. पण दुकानदाराच्या तोंडाकडे पाहून नाही. काट्यावर ठेवून, मापून.

पांढरकवड्याले देवीलालचं रिपेरिंगचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी, सारं खोलते तो. मी त्याले विचारलं, चांगली मशीन कोणती? तो हसला. म्हणे काका, चांगली कोणती हे मले माहीत नाही, कोणती परत येते ते माहीत आहे. बॅटरीवाली दिसाले नाजूक, वायर नाही, पण दोन वर्षांत बॅटरी बसते अन् नवी भेटत नाही. पाण्यावाली धूळ पाण्यात बुडवते, हवा चांगली सोडते, पण रोज धुतली नाही तं नालीवानी वास मारते. अन् जुनी डबावाली, कापडी पिशवीची, ती बोंबलते लय, पण मोटरीतला घासलेला कार्बन बदलला का पुन्हा दहा वर्षं चालते. मी म्हणलं, तिन्ही घेऊन ये घरी, मले परीक्षा घ्याची आहे. देवीलाल भला माणूस. दोन दुकानातल्या होत्या, तिसरी त्यानं एका मास्तरकडून मागून आणली.

पहिली परीक्षा हंसाबाईनं बुडवली. देवीलाल येणार म्हून तिनं पहाटेच उठून सारं घर झाडलं, दोनदा पुसलं, उंबऱ्यापुढं रांगोळी टाकली. तिन्ही मशिनी फिरवल्या तं काट्यावर काही चढेचना. मी तापलो. म्हणलं, बाई, धूळ मापाची होती ना! तं ती म्हणे, पाहुणा घरात येते अन् मी घाण घर दाखवू? लोकं तुमाले नाही, मले नावं ठेवतात. देवीलाल चहा पिऊन परत गेला.

मग चार दिवस तिले झाडूले हात लावू देला नाही. ते चार दिवस आमच्या घरात जे बोलणं झालं ते इथं सांगत नाही. पाचव्या दिवशी देवीलाल पुन्हा आला. बैठकीत खडूनं तीन पट्टे आखले, सारखे. एकेका पट्ट्यावर एकेक मशीन, पाच पाच मिनिटं, मोबाईलमध्ये पाहून. सोनाराकडचा असते तसा लहान काटा माझ्याकडे आहेच.

बॅटरीवालीनं बावीस ग्राम काढले अन् तिच्या गोल ब्रशले केस अन् सुताडे गुंडाळले का ती कण्हाले लागली. पाण्यावालीचा चिखल झाला. चिखल कसा मापाचा? मी तो कागदावर पसरून गच्चीवर वाळत घातला. तिथं हंसाबाईचे पापड वाळत होते. पुन्हा बोलणं झालं. वाळल्यावर एकेचाळीस ग्राम भरले. डबावाली असी ओरडली का बकरी दावं तोडून पळाली, पण तिनं साठ ग्राम काढले. साठ! मी देवीलालले म्हणलं, हीच ठेवून जा. जे जड भरते ते चांगलं, हे मले चौतीस वर्षांत समजलेलं होतं.

एक गोष्ट सांगाची राह्यली, अन् तीच खरी आहे. मशिनीच्या पिशवीत धूळ निघे तसे कापसाचे पुंजकेही निघत. आता कापूस म्हणजे काही कचरा नाही. कचरा म्हणजे कापसात जे सापडते ते, पत्ती, माती, काडी. आम्ही बाजारात कापसातून कचरा काढतो, कचऱ्यातून कापूस फेकत नाही. म्हून मी काय करो, का पिशवी कागदावर झटको, दोन बोटांनी पुंजके निवडो, धूळ काट्यावर ठेवो अन् पुंजके मूठभर झाले का कापसाच्या खोलीत ढिगावर टाको. कापूस उकिरड्यावर टाकाले माझा हात उचलतच नाही. कापूस वेचाले सुरुवात कराच्या दिवशी आम्ही वावरात दहीभात ठेवून पाया पडतो त्याच्या. त्याले कसं फेकाचं?

ती खोली बैठकीले लागूनच. दरसालसारखी यंदाही डिसेंबरपासून आढ्यापर्यंत भरलेली, कारण मी भाव चढाची वाट पाहत होतो. चौकात चार जणांपुढं बोललोही होतो, का मेमध्ये पाहा, ज्यानं आत्ता विकला तो रडते. दार लावून ठेवलेलं असे. खालून चार बोटं फट होती, पण दार ते दारच.

रोज सकाळी मशीन फिरवो, धूळ मापो, दाराच्या मागं खडूनं आकडा लिहो. साठ. अठ्ठावन. एकसष्ट. साठ. पंधरा दिवस. मले लय अभिमान वाटे. मशीन एक दिवस अडली नाही, एक दिवस कमी पडली नाही.

पंधराव्या दिवशी प्रेरणाचा फोन आला. मी सारं सांगतलं, तिन्ही मशिनी, पट्टे, काटा, साठ ग्राम. तिनं सारं ऐकलं. मग म्हणे, "बाबा, रोज तेवढीच निघते? कमी नाही होत?"

मी म्हणलं, कमी कायले होईल, चांगली मशीन आहे. तं ती म्हणे, घर साफ होत असेल तर आकडा उतरायला पाहिजे ना. मी म्हणलं रोड आहे बाई, ट्रक आहेत. ती म्हणे, पिशवीत नुसती धूळच असते का? मी म्हणलं धूळ अन् कापूस. कापसाचं काय करता म्हणे. मी म्हणलं, काय करतो म्हणजे? ढिगावर टाकतो.

मग ती हळूच म्हणे, "बाबा, एक तारखेला नाही जमणार."

फोन ठेवला अन् मले असा संताप आला! कालची पोट्टी मले माप शिकवते! हंसाबाई दारात सेवया तोडत बसली होती. तिले म्हणलं, पाहा तुझी सून, कापसाले धूळ म्हणते. हंसाबाईनं मान वर केली नाही. म्हणे, "वर्षभर रोडले शिव्या देऊन राह्यले तुमी. रोड तं लग्न होऊन आली तवापासून आहे. पोट्टी उड्या कायच्यावर मारत होती?"

पण मापाऱ्यानं तोंडाच्या गोष्टीवर जाऊ नये. मी दोन सारख्या थाळ्या घेतल्या, दोन्हीले तेलाचा हात फिरवला, दोन्ही मापल्या. एक रोडच्या खिडकीत ठेवली, एक कापसाच्या दारापुढं. हंसाबाईले ठणकावून सांगतलं का हात लावाचा नाही. मनात म्हणलं, उद्या खिडकीतल्या काळ्या थाळीचा फोटो काढून पाठवतो प्रेरणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकीतली थाळी काळी झालती, दोन ग्रामनं वाढलती. दारापुढची थाळी पांढुरकी दिसत होती, तिच्यावर बारीक रुईचा थर, अन् थरात माती, कुजलेली पत्ती, बारके लाल किडे. काट्यावर ठेवली. सात ग्राम. काटा झटकून पुन्हा ठेवली. सात.

मी तिथंच पाटावर बसलो. ज्या हातानं पोट्टीले उचलून कापसाच्या ढिगावर टाकलं, त्याच हातानं रोज सकाळी मूठ मूठ भरून तिथंच नेऊन टाकत होतो. मशीन बिचारी दिवसभराचं ओढे अन् मी ते परत देऊन येओ. आमच्याच घरात पोरीचा श्वास अडकवणारं सामान मी ढीग लावून ठेवलं होतं, अन् वरून दाराले कडी लावून राखत होतो. मले माझीच शरम वाटली. हंसाबाईनं चहा आणून ठेवला. शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं.

त्याच हप्त्यात गाडी बोलावली अन् सारा कापूस बाजारात नेला. जिथं चौतीस वर्षं मी माप केलं त्याच काट्यावर माझा कापूस चढला. जुने सोबती टपूनच होते. एकानं विचारलं, काहो वामनराव, मे महिना लवकर लागला काय? मी म्हणलं, हाव, यंदा लवकर लागला. खोटं कायले सांगू, जीव जळला. आठ दिवसांनी भाव खरंच चढला अन् चौकातून जाताना मी मान खाली घालून गेलो.

खोली रिकामी झाल्यावर भिंती ओल्या फडक्यानं पुसल्या, आढं झटकलं, फटीत गोणपाट ठोकलं. मग डबावाली मशीन फिरवली. पहिल्या दिवशी एकशे चाळीस ग्राम. दुसऱ्या दिवशी सत्तर. मग तीस. मग बारा. आता पिशवीत निघेल ते सारं, पुंजक्यासकट, मी बाहेर नेऊन जाळो. दाराच्या मागं आकडे लिहून फोटो काढला अन् काही न बोलता प्रेरणाले पाठवला. सहा मेले चार ग्राम भरले. जन्मभर वजन वाढलं का लोकं खुश होताना पाहिलं, अन् मी चार ग्राम पाहून हंसाबाईले हाका मारत सुटलो.

दुपारी प्रेरणाचा फोन आला. म्हणे, रविवारी येतो, पण औषधाचा पंप सोबत ठेवीन. मी म्हणलं, ठेव बाई, हजारदा ठेव.

रविवारी उर्वशी गाडीतून उतरली ते सरळ खोलीकडे धावली. रिकामी खोली पाहून उभीच राह्यली. तोंड एवढंसं झालं.

"आबाजी, कापूस कुठं गेला? मले उड्या मारायच्या होत्या."

विकला माय, मी म्हणलं. ती रुसून खोलीतच बसली. प्रेरणा दारात उभी राहून पाहत होती. भिंतीवरून तिनं बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, अन् माझ्या पाया पडली.

जेवण झाल्यावर उर्वशी त्याच खोलीत फरशीवर चटई टाकून झोपली. मी उशाशी बसून होतो, कान लावून. एक तास गेला, दोन तास गेले. छाती वाजली नाही. नुसता श्वास, आत अन् बाहेर.

उठल्यावर ती कोपऱ्यात सरपटत गेली अन् दाराच्या चौकटीमागून काहीतरी ओढून काढलं. कापसाचा पुंजका, बोराएवढा. देवीलालची मशीनही तिथं पोचली नव्हती. पोट्टी खुश होऊन माझ्याकडे आली अन् माझ्या हातावर ठेवला.

"आबाजी, हा राह्यला. जपून ठेवा."

सवयीनं मूठ मिटली माझी. पांढराशुभ्र होता, लांब धाग्याचा, एक नंबरचा. मी अंगणात गेलो, चुलीत विस्तव होता, त्याच्यावर टाकला अन् पूर्ण जळेपर्यंत उभा राह्यलो. मग हात धुतले, दोनदा, अन् मग तिले कडेवर घेतलं.