कुंकवाखालचं भिंग

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू मायाळू असतात, सगळं सोसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करतात, असं तुम्ही वाचलं असेल. मी तशी नाही. मी सोसलं पुष्कळ, पण माफ केलेलं नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. पितळी नळी, तीन पायांचा लाकडी स्टँड आणि पुढच्या तोंडाला तळहाताएवढं भिंग. रेल्वेने बीदरला आले आणि तिथून बसच्या टपावरून औरादकडच्या एका गावातल्या मराठी शाळेत. गावाचं नाव सांगणार नाही, कारण गावाचा दोष नव्हता. माणसाचं मात्र सांगणार आहे.

पहिली तीन वर्षं सुखाची गेली. विज्ञानाच्या नलिनीबाई संध्याकाळी मला मैदानात आणत आणि पदर खोचून एकेका मुलाला, एकेका मुलीला शनीचं कडं दाखवत. शेजारच्या अक्कम्मा तर शनी पाहून माझ्यावर रागावल्याच. साडेसाती नुकती संपली होती आणि मी पुन्हा त्याचं तोंड दाखवलं, अशी त्यांची तक्रार होती.

मग नलिनीबाईंची बदली झाली आणि नरहरराव हेडमास्तर झाले. त्यांनी मला कपाटात घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात. महागाची वस्तू, पोरं मोडतील, आणि पोरींना काय करायचेत तारे, असं ते म्हणत.

कपाट वर्षातून एकदा उघडे, खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक हत्याराची पूजा होते. नांगर, शिवणयंत्र, ट्रॅक्टर, एसटी, कुणीच सुटत नाही. सुट्टी असली तरी शाळा उघडत. व्हरांड्यात घंटा, टाइपरायटर, शिपायाची सायकल आणि मधोमध मी. नरहरराव तेलात कालवलेलं कुंकू अंगठ्यावर घेत आणि माझ्या भिंगावर दाबत. माणसाला कपाळ, तसं दुर्बिणीला भिंग, असं त्यांना वाटे. वर हळद, वर अक्षता. मग मागून डोळा लावून म्हणत, "वा, दर्शन झालं." दर्शन कसलं? मला स्वतःलाच काही दिसत नव्हतं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नसतो, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कपाटात. दरवर्षी माझ्या डोळ्यात बोट घातलं आणि त्याला पूजा म्हटलं.

एका खंडेनवमीला समईपाशी लक्ष ठेवायला आठवीतल्या पल्लवीला बसवलं होतं. गुंडेराव आणि नागूबाई या शेतकऱ्यांची ही मुलगी. दुपारचे चार वाजले असतील. पत्र्यावर फिकट चंद्र आला होता. तिने चंद्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. भिंगावर तोंडाची वाफ सोडली आणि ओढणीच्या टोकाने हळूहळू पुसलं. एक अक्षता घासली गेली, त्याचा ओरखडा अजून आहे. तो मी कधी मनाला लावून घेतला नाही. मग तिने डोळा लावला.

"खड्डे हायत की गं," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

तेवढ्यात नरहरराव आले. मुलीच्या जातीने, सणाच्या दिवशी, आपल्या हाताने कुंकू पुसलं होतं. त्यांनी आईबापाला बोलावून घेतलं आणि सगळ्यांसमोर उभं केलं. हिचं नाव मी शाळेतून काढतोय, म्हणाले. असल्या हाताची पोर उद्या कुणाचं घर बुडवील, तिला कामाला लावा आणि लवकर उजवून टाका. गुंडेराव खाली मान घालून उभे राहिले. पल्लवी ओढणीचं लाल टोक मुठीत लपवत होती.

नागूबाई पुढे आल्या. "सर, काच पुसलीय माझ्या पोरीनं. कपाळ न्हाई पुसलं कुणाचं. कामून एवढं लागायलंय तुमाला?"

नागूबाईंनी पोरीचा हात धरला आणि चार दिवसांत तिला राज्याच्या सरहद्दीपलीकडे उदगीरला, भावाच्या घरी शाळेत घातलं. इकडे नरहररावांनी माझ्या भिंगावर नवं कुंकू दुप्पट दाबलं. मित्रांनो, तो अंगठा मी अठरा वर्षं धरून ठेवला. अंधारात मला दुसरं कामच नव्हतं.

आणि यंदा पल्लवी आली. आता ती बेंगळुरूला शास्त्रज्ञ आहे. उपग्रहांवर जे कॅमेरे जातात, त्यांची भिंगं तिच्या हाताखालून जातात. पेपरात फोटो आला तसा नरहररावांना गावाचा अभिमान दाटून आला. ते निवृत्त झालेत, पण शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तेच. त्यांनी खंडेनवमीला सत्कार ठरवला. पल्लवीने एकच अट घातली, दुर्बीण स्टेजवर हवी. तेव्हाच मला कळलं की विसरलेली नाही ती एक मीच नव्हे.

सकाळचे साडेअकरा. शाल झाली, नारळ झाला. पहिल्या रांगेत नागूबाई. नरहरराव माइकवर म्हणाले, ही माझी विद्यार्थिनी, हिला पहिल्यांदा चंद्र दाखवला तो मी, याच दुर्बिणीतून.

टाळ्या पडल्या. पल्लवी उठली. "सर, मग आज सगळ्यांना सांगा ना, कसा दिसतो."

त्यांनी मला आकाशाकडे वळवलं आणि डोळा लावला. मी त्यांना लाल काळोख दाखवला, त्यांचाच सकाळी दाबलेला अंगठा, आतून. पण समोर सगळं गाव बसलेलं. "वा! काय सुंदर दिसायलाय चंद्र," ते म्हणाले.

"सर," पल्लवी शांतपणे म्हणाली, "नवमीचा चंद्र दुपारी उगवतो. अजून दोन तास हायत."

आधी मुली हसल्या, मग मुलं, मग गाव. नागूबाई हसल्या नाहीत. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि नरहररावांना तेच जास्त लागलं असावं. मला किती बरं वाटलं, ते लिहायला मी लाजत नाही.

पल्लवीने किल्ली मागून घेतली. मग तिने नळीतून भिंग काढलं आणि मुलींना भोवती बसवून, आधी फुंकणीने धूळ, मग स्पिरिट, मग मऊ कापूस, असं दाखवत इतक्या वर्षांचं कुंकू उतरवलं. आमच्या भिंगांच्या खोलीत जाताना पावडर, काजळ, टिकली सगळं बाहेर ठेवावं लागतं, म्हणाली. एक कण भिंगावर पडला तर शेकडो मैलांवरून काढलेलं चित्र बिघडतं. टिकली काढल्यावर आई रागावत नाही का, असं एकीने विचारलं. पल्लवी म्हणाली, आरशाला चिकटवून जाते, आल्यावर लावते.

किल्ली तिने नववीतल्या हर्षिताला दिली. ती मुलगी नरहररावांची नात. पल्लवीला ते माहीत होतं आणि म्हणूनच दिली, असं मला वाटतं.

तीन वाजता चंद्र पत्र्याच्या वर आला. एकेचाळीस मुली रांगेत होत्या. एकीने परत येऊन विचारलं की त्या भिंगांच्या खोलीत काम करायला किती शिकावं लागतं, आणि पल्लवीने बोटांवर मोजून सांगितलं. मुलांची रांग मागे होती. सगळ्यांच्या शेवटी नरहरराव उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या नळीला हात लावला, तशी हर्षिताने वाट अडवली.

"आजोबा, आधी हात धुवून या."

ते नळावर गेले. साबण लावून, नखांतला लाल रंग जाईपर्यंत घासून आले. मग खूप वेळ पाहिलं. मी सगळं स्वच्छ दाखवलं, एकही खड्डा लपवला नाही. डोळा काढून ते खाली मान घालून बाजूला झाले. मला त्यांची दया आली नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही एखादं कुलूपबंद कपाट असेल. त्यात काय आहे, किल्ली कुणाकडे आहे, ते विचारा. आमच्यासारख्यांना फुलं नकोत, कोरडा मऊ कापूस आणि रोजचा वापर हवा. आणि विचारलं म्हणून कुणी तुम्हाला दटावलं, तर त्याचं नाव नीट लक्षात ठेवा. शिकून परत या. मी वाट पाहू शकते, हे तुम्ही आत्ताच वाचलंत.