वकीलबाईंची गाय

मुटिंटा हामुंगाला गाय मिळाली ती शुक्रवारी दुपारी दोन वाजता, आणि पाचच्या आत तिला तिच्या अशिलाची सही हवी होती. गाय मिळणं ही खरं तर आनंदाची गोष्ट. पण वकिलाला आनंदातही कलम दिसतं, त्याला कोण काय करणार?

मुटिंटा मूळची झांबियाची. नोकरी कंपालात, पाच देशांत कचेऱ्या असलेल्या एका वकिली फर्ममध्ये. इथल्या व्यापाऱ्याची तिथल्याशी गाठ घालून द्यायची आणि ती सुटू नये म्हणून कागद लिहायचे, हा फर्मचा धंदा. आठ महिने ती एका कामावर राबत होती, आणि तिच्या एकटीच्या नावावरचं ते पहिलंच काम: पश्चिम युगांडातल्या अंकोले भागातल्या कातुरामू म्हाताऱ्यांची दूधडेअरी आणि नैरोबीतली एक मोठी डेअरी यांची भागीदारी. नैरोबीकरांनी सह्या केल्या होत्या. पाच वाजता त्यांची मुदत संपत होती, आणि ती टळली की ते दुसरा दूधवाला बघणार होते.

कराराची चौऱ्याऐंशी पानं कातुरामूंनी महिनाभर मुलीकडून, केमिरेम्बेकडून वाचून घेतली होती. शंका एकही काढली नव्हती. सही घ्यायला मुटिंटा त्यांच्या घरी आली होती. त्या दुपारी नाचणीच्या घट्ट उकडीचा घास तुपाच्या कालवणात बुडवून सगळे पोटभर जेवले, म्हाताऱ्यांनी पेन उचललं आणि मुटिंटाला म्हणाले, आधी गाईंकडे चल.

काटेरी कुंपणात गर्द तांबडी, हातभर नव्हे चांगली दोन हात शिंगांची एक गाय उभी होती. पायाशी गोऱ्हा. ही तुझी, असं म्हाताऱ्यांनी सांगितलं.

मुटिंटानं आभार मानले आणि नम्रपणे फर्मचा नियम सांगितला. अशिलाकडून वकिलानं काहीही घ्यायचं नाही. नियमाचा क्रमांकसुद्धा सांगितला. शहाणपणा नडतो तो असा.

कातुरामूंनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात टाकलं आणि ते गुरांना पाणी पाजायला निघून गेले.

केमिरेम्बे कपाळावर हात मारून बसली. "अगं बाई, काय केलंस? दिलेली गाय परत करायची म्हणजे तोंडावर सांगायचं, तुमच्याशी मला नातं नको. आता ते सही करतात होय!"

मुटिंटानं नैरोबीला, फर्मच्या मुख्य कचेरीत फोन लावला. ओगोला साहेब फर्मचे सर्वेसर्वा. पाच देशांतले कारखानदार त्यांच्यापुढे जपून बोलत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "नियम कोणी लिहिलाय?" तो मुटिंटानंच लिहिला होता, गेल्या वर्षी. "मग तूच निस्तर," म्हणाले आणि फोन ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. तीन वाजून गेले होते.

ती चिखलातून पाण्याच्या हौदाशी गेली. शहरी बुटांची माती झाली. कातुरामू तिच्याकडे न बघताच बोलले.

"वकीलबाई, शब्द मोडला तर काय करायचं, ते तुमच्या कागदात आहे. चांगलं आहे. पण माझ्या बापानं उभं केलेलं निम्मं मी परक्यांच्या हातात देतोय. त्या सगळ्यांत मला ओळखणारं एक तरी माणूस नको? सही घेऊन गेलात की परत कशाला याल तुम्ही इथं?"

मुटिंटाला शरम वाटली, कारण ती खरोखरच परत येणार नव्हती. सोमवारपासून तिच्या टेबलावर दार-एस-सलामचं काम यायचं होतं. आठ महिने या घरचं दूध प्यायली, आणि निघताना मागं वळून बघण्याचा विचारही तिच्या मनात आला नव्हता.

मग तिला झांबियातले, मोंझे गावचे तिचे आजोबा आठवले. त्यांची निम्मी गुरं दुसऱ्यांच्या गोठ्यात असत, आणि ज्याच्या गोठ्यात गाय त्याच्या घरी लग्नाला, मयताला आजोबा हजर. इथं वडीलधाऱ्यांना मारतात तशी हाक मारून तिनं विचारलं, "मुझेई, तुमच्याकडे गाय घेणाऱ्यानं काय करायचं असतं?"

"पहिली कालवड देणाऱ्याला परत. आणि जाणं-येणं ठेवायचं, दुसरं काय?"

"मग हे फुकटचं देणं कुठं आहे? ही तर वाट्यानं पाळायला दिलेली, अर्धली झाली! आमच्याकडेही अशीच चालते. फुकट घ्यायला मला बंदी आहे, बांधून घ्यायला नाही."

"मग आधी नाही कशाला म्हणालीस?"

"वकील आहे मी. आधी नाही म्हणायची सवय."

म्हातारे एवढे हसले की पाणी पिणारी दोन वासरं बिचकली.

केमिरेम्बेनं अंगणात बसून एक पान लिहिलं. गाय मुटिंटाची, राहणार इथंच. पहिली कालवड कातुरामूंची. मुटिंटानं वर्षातून एकदा यायचं. चौऱ्याऐंशी पानांत हूं की चूं न करणाऱ्या म्हाताऱ्यांनी या एका पानावर पाऊण तास घासाघीस केली. एकदा नाही, दोनदा यायचं. लग्न ठरलं तर आधी इथं कळवायचं. मुटिंटानं लग्नाचं कलम खोडलं, त्यांनी परत घातलं, तिनं परत खोडलं, आणि शेवटी साडेचारला तिनंच हात टेकले. ओगोला साहेबांना पान फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, यात फर्मला धोका काय? वर्षातून दोनदा चरवीभर दूध प्यावं लागेल, असं तिनं सांगितलं. त्यावर ते बराच वेळ खोकत राहिले. ते हसू होतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

पाचला दहा मिनिटं असताना कातुरामूंनी दोन्ही करारांवर, डेअरीच्या आणि गाईच्या, सह्या केल्या. मुटिंटाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

मग ती गाडीकडे निघाली, तर म्हाताऱ्यांनी हटकलं. कुठं चाललीस? धारेची वेळ झाली. गाय काय आपली आपण ओळख करून घेईल? तिनं बूट काढले आणि गवताच्या जुडीनं तांबडीची पाठ घासायला घेतली. अंगणात तिचा फोन वाजत होता. दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा कातुरामूंनी उचलला.

पलीकडे ओगोला साहेब होते, अभिनंदन करायला. आपण कोण, हे त्यांनी नावानिशी, हुद्द्यानिशी सांगितलं.

"आमची पोरगी गाईपाशी आहे," कातुरामू म्हणाले. "हात मोकळे झाले की करेल फोन," आणि त्यांनी फोन बंद केला.