लाल मावशीची फुलबाग

देवळाच्या पटांगणात प्लॅस्टिकच्या स्टुलांवर पन्नास-साठ बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे लाल मावशी डोळ्यांवर रुमाल बांधून घुमत होती. पलीकडच्या जगात प्रत्येक बाईच्या नावाचं एक फुलझाड असतं. ते बघून यायचं, हा हिचा धंदा. शेजारी वाडग्यात त्या बागेतलं 'दव'.

माझी वहिनी पिन-रू पुढे झाली. मावशीने दिलेलं पांढरं कागदी फूल तिने दवात बुडवलं. ते लालभडक झालं.

"कीड! गर्भाशयाला कीड!" मावशी किंचाळली. "मुळापर्यंत गेलीय गं पोरी! अजून शंभर दिवस डॉक्टरचं तोंड बघू नकोस. सुया टोचल्या की झाड जळतं!"

ही शंभर दिवसांची चौथी खेप. माझी आई हात जोडून मान डोलवत होती, दादा तिच्यामागे उभा होता.

वहिनी अडतीस वर्षांची, अजून मूल नाही. तैनान शहरातल्या डॉक्टर शूबाईंनी दोघांनाही तपासलं होतं. वहिनीच्या नळ्या मोकळ्या, बीज वेळेवर, दादाचे शुक्राणू उत्तम. "कारण सापडत नाही," त्या म्हणाल्या होत्या, "पण उपचार आहेत. तुमचं वय बघता थांबू मात्र नका." आईने त्यातलं पहिलं वाक्य तेवढं उचललं. डॉक्टरला सापडत नाही, म्हणजे ते डॉक्टरचं कामच नाही! दहा महिने असे गेले. वहिनीचा पडलेला चेहरा बघून माझं टाळकं सणकलं.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. असला लाल रंग मी दरवर्षी आठवीच्या मुलांना काढून दाखवते.

"मावशी, माझ्या दादाचंही बघा की."

"पुरुषाचं झाड नसतं!"

"मग फूल पांढरंच राहील." मी मावशीपुढचं दुसरं कागदी फूल दादाच्या हातात दिलं. "दादा, बुडव."

दादा आईकडे बघत घुटमळला.

"बुडव म्हणते ना!"

फूल लालभडक झालं.

"अगं बाई!" मागून शिंपल्यांची खाऊगाडी लावणारी बाई ओरडली, "ह्यालाही गर्भाशय आहे होय?"

पटांगण हसून हसून लोळलं. मावशीने रुमाल वर सरकवला. "पापी नणंदेची सावली पडली! बागेचं दार बंद झालं!"

मी तिच्या गाडीवरून अर्धं लिंबू उचललं आणि फुलावर पिळलं. फूल पुन्हा पांढरंफेक.

"घ्या, मेली कीड! शंभर दिवस कशाला हवेत? फुलाला प्रयोगशाळेतलं औषध चोपडलंय आणि दव म्हणजे धुण्याच्या सोड्याचं पाणी. सोडा लागला की लाल, लिंबू लागलं की पांढरं. बुडवणारी बाई असो, बाप्या असो, नाहीतर बदक असो!"

आई चिडली. "आणि भिंतीवर लावलेले बाळांचे फोटो? ते काय खोटे?"

"बाळं खरीच आहेत, आई. तपासणीत काही न सापडलेल्या कितीतरी जोडप्यांना आपसूक दिवस जातात. ती इथे बाळ महिन्याचं झाल्यावर वाटायच्या तेलभाताचे डबे घेऊन येतात, फोटो लावतात. ज्यांना होत नाही त्यांना ही सांगते, तुझीच श्रद्धा कमी पडली. त्यांचा फोटो कोण लावणार?"

तेव्हा वहिनी बोलली.

"आई, दहा महिने मी अंघोळ करताना पोटाकडे बघितलेलं नाही. किळस यायची मला. कीड आहे म्हणून."

आईने तिचा हात धरायला हात पुढे केला. वहिनीने तो धरू दिला नाही.

सोमवारी आम्ही तैनानला गेलो. "यश येईल का?" वहिनीने विचारलं.

"खात्री देता येत नाही," डॉक्टर शू म्हणाल्या. "वर्षभरापूर्वी शक्यता जास्त होती. कारण अजूनही मला माहीत नाही. पण तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही, एवढं मात्र माहीत आहे."

वहिनी तिथेच ओक्साबोक्शी रडली.

बायांनो, 'मला माहीत नाही' असं तोंडावर सांगणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवा. नवऱ्यालाही सोबत न्या, त्याचीही तपासणी करा. जिला सगळंच ठाऊक होतं, तिने आमच्या पिन-रूचे दहा महिने खाल्ले. ते आता कुठल्याच दवाखान्यात मिळणार नाहीत.