पंचफुलाआजीच्या हातातला माईक

मी एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की तिनं जरा हळव्या सुरात बोलावं, अशी रीत आहे. मला ते जमायचं नाही. मी चिडलो आहे, आणि माझा राग थंड व्हायच्या आत मला सगळं सांगून टाकायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात लोहचुंबक, त्यावर तारेचं वेटोळं आणि पापडापेक्षा पातळ पडदा, एवढाच माझा संसार. डोक्यावर चकचकीत जाळी आणि मानेवर चालू-बंद करायचं बटण. अमडापूरजवळच्या आमच्या गावात उत्तमरावांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. त्यांनी मला खामगावहून आणलं, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. मला ते मऊ फडक्यात गुंडाळून ठेवत आणि गिऱ्हाइकाला सांगत, "हा माह्या दुकानाची लक्ष्मी हाये."

मी खूप काम केलं. लग्नात मंगलाष्टकं म्हटली, सप्त्यात कीर्तनं ऐकवली, दंडारीचा नाच-सोंगांचा खेळ रंगला की सोंगाड्याचे टोमणे पार शेवटच्या ओळीपर्यंत पोचवले. आठवडी बाजारात हरवलेली पोरं आईबापांना मिळवून दिली. माझ्याजवळ येणाऱ्या माणसाचा श्वास सांगतो, की तो बोलायला आला आहे की मिरवायला. त्यात मी सहसा फसत नाही.

पुढे बिनतारी माईक आले. बारीक, काळे, हातात धरून नाचता येतील असे. मी पत्र्याच्या पेटीत जाऊन पडलो. त्याचं मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. जुनं मागे पडतंच. राग आला तो यंदाच्या हिवाळ्यात, गावात 'आपला गाव, आपला वारसा' नावाचा मोठा कार्यक्रम झाला तेव्हा.

ही कल्पना भालचंद्र सरांची. हे आमच्या गावातले निवृत्त शिक्षक. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना एकत्र बसवायचं, त्यांच्याकडून जुन्या गोष्टी, गाणी, आठवणी ऐकायच्या आणि जपून ठेवायच्या, इतकी साधी ती कल्पना होती. तिचं मूळ होतं पंचफुलाआजी. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेरचा पाझर तलाव बांधला गेला. तेव्हा आजी नुकती लग्न होऊन आली होती. गावातल्या बायांनी तिथे खडी फोडली, माती वाहिली आणि सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले. काम करता करता त्यांनी एक गाणं रचलं. त्यात दर कडव्यात एकीचं नाव. तलावावर पुढे दगडी पाटी लागली, तिच्यावर पुढाऱ्यांची नावं आली. बायांची नावं फक्त त्या गाण्यात राहिली. आणि ते गाणं पुरतं येणारी आता एकटी पंचफुलाआजी उरली आहे.

सर मोबाईल घेऊन तिच्या घरी बरेचदा गेले. आजी चहा पाजायची, पण गायची नाही. एकदा तिनं स्पष्टच सांगितलं, "घरात बसून नाई म्हनत मी. ज्या गावानं ते पानी पेलं, त्या गावाले आयकू गेलं पायजे. मी तसा शब्द देला होता संगच्या बायायले." म्हणून सरांनी हा सगळा घाट घातला. आजीला कानानं कमी ऐकू येतं, पण तिचा गळा अजून खणखणीत आहे.

कार्यक्रम म्हटला की समिती आली. समितीचे अध्यक्ष झाले रामराव. माणूस वाईट नाही, पण सत्काराचा भारी सोस. शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहिला. एका बाजूला जुन्या वस्तूंचं दालन केलं आणि त्यात जातं, उखळ, पाटा यांच्या शेजारी मलाही मांडलं. सकाळी सुरू व्हायचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत दुपारपर्यंत लांबला. आजी ठेवणीतलं लुगडं नेसून सकाळपासून पुढच्या खुर्चीत बसून होती.

मग सुरू झालं सत्काराचं रहाटगाडगं. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांबरोबर आलेल्यांचा सत्कार, मंडपाला जागा देणाऱ्यांचा, जेवण देणाऱ्यांचा. एक नाव राहिलं म्हणून कोणीतरी रुसलं, तर त्याची समजूत घालून पुन्हा सत्कार. शेवटी त्या नव्या माईकची बॅटरी संपली आणि उत्तमरावांनी मला दालनातून उचलून तार जोडली. उरलेली भाषणं माझ्याच माथी आली. वारसा, संस्कृती, अस्मिता, काय काय शब्द माझ्या जाळीवर आपटले. नावंच नावं, आणि दर नावामागे टाळ्या. वारसा समोर खुर्चीत ताटकळत होता आणि त्याला कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मुख्य पाहुणे उठले तेव्हा स्वयंपाकाचा वास मंडपात शिरला होता. पाहुण्यांच्या मागे समिती उठली, समितीच्या मागे गाव उठलं. सरांना पाहुण्यांच्या गाडीपाशी पिटाळलं होतं. आजी आपली काठी टेकत मंचावर चढली आणि हात पुढे करून उभी राहिली.

रामराव अडचणीत पडले. पाहुणे उठून चाललेले असताना मागे गाणं वाजलं तर बरं दिसायचं नाही, आणि आजीला नाही म्हणायचं तर तेही बरं दिसायचं नाही. तेव्हा त्यांनी काय केलं, ऐका. मला हातात घेतलं, अंगठ्यानं माझं बटण खाली सरकवलं, हसून मला आजीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "म्हना आजी." आणि फोटोवाल्याला खूण केली.

आजी गाऊ लागली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला कसं कळणार, की कर्णा मुका आहे?

"पहिलं घमेलं बाई, धुरपताच्या डोक्यावरी,
लेक निजे झोळीमंधी, बाभळीच्या फांदीवरी."

ती डोळे मिटून म्हणत होती. प्रत्येक नावाला तिचा हात माझ्या मानेवर घट्ट होत होता. मी इतका जवळ होतो, पण मला ते पुढे पाठवता येत नव्हतं. पंगतीत पत्रावळ्या पडत होत्या आणि वाढप्यांची हाकाटी चालली होती. बटण बंद असलं की मलाही अर्धवटच ऐकू येतं, त्यात हा गोंधळ; मला चारच नावं धड कळली. धुरपता, कौतिका, ठकू, सुगंधा. पुढची सगळी गेली.

गाणं संपलं. आजीनं विचारलं, "आयकू गेलं का सगळ्यायले?"

रामराव म्हणाले, "हाव आजी, पार अमडापूरपावतर गेलं."

तिच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. ती रडली. आनंदानं रडली, मित्रांनो, आणि मला त्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'लोकगीत सादर करताना पंचफुलाबाई'. त्यात मी ठळक दिसतो. बटण दिसत नाही.

चार दिवसांनी सर पुन्हा आजीकडे गेले. ते उत्तमरावांना दुकानात बसून सांगत होते, म्हणून मला कळलं. सरांनी तिला विनवलं, की एकदा मोबाईलसमोर म्हणा. आजी म्हणाली, "आता काऊन म्हनू, सर? गावाले सांगून झालं. बायायचं वझं उतरलं माह्यावरचं." कर्णा मुका होता हे सरांना त्या दिवशी गाडीपाशीच कळलं होतं; त्यांना खरं सांगायचं होतं, पण तिचा निवांत चेहरा पाहून त्यांची जीभ रेटली नाही. ते चहा पिऊन परत आले. उत्तमराव माझी तार गुंडाळत खाली मान घालून बसले. आणि रामराव पुढच्या वर्षीच्या महोत्सवाची तारीख ठरवत आहेत.

म्हणजे सगळं गाव गप्प आहे. कोणाला तिचं मन मोडायचं नाही म्हणे! मन मोडत नाही आणि गाणं बुडतं, ही कसली माया?

म्हणून मी हे मोठ्यांना सांगत नाही, तुम्हा पोरांना सांगतो. मित्रांनो, आजीच्या घरी जा. तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगा, की त्या दिवशी माईक बंद होता आणि गावानं काही ऐकलं नाही. ती चिडेल. कदाचित तुम्हाला दारातून हाकलून देईल. तिचा राग खरा आहे, तो सोसा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तिला काठी द्या आणि तलावाच्या बांधावर घेऊन चला. वाटेत दिसेल त्याला सोबत घ्या, रामरावांनाही घ्या. हार, शाल, नारळ काही नेऊ नका. आणि ती म्हणत असताना कोणीही जेवायला उठू नका.